तोच रस्ता, पण दिवसा

भांडी घासत ऐकत असाल तर घासत राहा, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, फक्त रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आज मी बचतीचं, कर्जाचं, हप्त्याचं काही सांगणार नाही. आज आमच्या गटाच्या प्रवासाचं सांगणार आहे. जतहून थेट गुहागरपर्यंत, एसटीच्या लाल डब्यानं, सोळा बायका.

पण आधी एक विचारते. तुम्ही मागच्या वेळी एसटीत बसलात ते कशासाठी? मी आमच्या गटाच्या बैठकीत हेच विचारलं होतं. उत्तरं आली ती अशी: दवाखाना, मयत, लग्न, पुतणीचं बारसं, बँकेतला अंगठा, तहसील कचेरी. एकीनं पंढरपूर सांगितलं, तेही सासूला दर्शन घडवायला. नुसतं बघायला म्हणून गेले, असं एकीनंही सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. माझं फिरणं पुष्कळ, पण सगळं प्रशिक्षणाचं. हॉल, खुर्च्या, चहा, परत गाडी. सोलापूर बघितलं का म्हणाल तर सोलापुरातला हॉल बघितला.

आमच्या गावाजवळून जो हमरस्ता जातो त्याला गुहागर-विजापूर महामार्ग म्हणतात. हे नाव आपण कितीदा ऐकतो! रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा तर रोज ऐकायचो. पण त्या दिवशी बैठकीत एका नव्या सूनबाईनं विचारलं, “ताई, विजापूर माहीत आहे, पण हे गुहागर कुठं आलं?” मी सांगितलं, कोकणात, समुद्रावर. मग एकदम शांतता. एक काकी म्हणाल्या, “म्हंजे हितनं सरळ गेलं तर समुद्र लागतोय व्हय?” सोळापैकी चौदाजणींनी समुद्र टीव्हीतच बघितलेला. आणि त्याचा रस्ता आमच्या दारावरनं जातोय.

तिथंच ठरलं. पैशाचं आधी सांगते, कारण तुमच्या मनात तेच आलं असणार. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. ती बचत बी-बियाण्याची, शेळीची, लेकरांच्या फीची. वेगळा डबा केला, महिन्याला दीडशे रुपये, बारा महिने, म्हणजे अठराशे. कुणी अंडी विकून भरले, कुणी शिवणातून. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही, आधार कार्ड जवळ पाहिजे. आमच्या एक आजी शहात्तर वर्षांच्या, त्यांनी सगळा प्रवास फुकट केला आणि तीन दिवस आम्हाला तेच ऐकवलं.

पैसे जमले तरी घरी काय सांगायचं हा प्रश्न होताच. दोघी-तिघी म्हणाल्या, “प्रशिक्षण आहे म्हणून सांगू.” खरं सांगते, मलाही ते सोपं वाटलं. प्रशिक्षण म्हटलं की कुणी अडवत नाही. दुसरी म्हणाली, “गुहागरात व्याडेश्वराचं देऊळ आहे म्हणतात, देवदर्शन सांगू.” तेव्हा आमच्या गटातल्या एक काकी, साठी ओलांडलेल्या, म्हणाल्या, “फिरायला चाललोय म्हनून सांगा की. चोरी करायला चाललोय का?”

ह्या काकींचं जरा सविस्तर सांगायला पाहिजे. त्यांचे मालक जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. गावात कुजबुज सुरू झाली, वर्षश्राद्ध नाही झालं आणि ही निघाली समुद्र बघायला. माझ्या कानावर आलं. आणि मी काय केलं असेल? मी, बीए झालेली, बाईच्या हक्कावर भाषणं देणारी, त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, “काकी, या वर्षी राहू दे का? पुढच्या वर्षी परत जाऊ. लोक बोलतात.” काकी जात्याजवळ बसल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, “बोलतील त्ये मला बोलतील. तुला काय त्रास हाय? मी बारा महिने पैसे भरल्यात.” खरंच भरले होते. ज्या महिन्यात मालक गेले त्या महिन्याचे दीडशेसुद्धा नातीच्या हातून आले होते. मी वहीत सही घेतली होती, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. खाली मान घालून घरी आले.

संक्रांत झाल्यावर निघालो. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, लिंबाचं लोणचं, एवढं घेतलं. पहाटे सहाची गाडी. आम्ही खिडकीच्या पाळ्या लावल्या होत्या, कर्जाच्या पाळ्या लावतो तशा. मोठं गाव आलं की खिडकीवालीनं उठायचं. भांडणं झाली नाहीत असं नाही. विट्यापर्यंत एकजण उठलीच नाही, झोपेचं सोंग घेऊन बसली.

जतचा माळ, बाभळी, डाळिंबाच्या बागा, मेंढरं, हे आपलंच. पण खिडकीतून बघताना तेही नवं वाटलं. हळूहळू रान हिरवं होत गेलं. विटा सोडून कडेगावच्या बाजूला उसाचे फड सुरू झाले. ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या कोप्या दिसायला लागल्या आणि काकी एकदम पुढच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. त्यांची पाळी नव्हती, पण खिडकीतल्या सूनबाईनं न सांगता जागा दिली.

काकी म्हणाल्या, “ह्या रस्त्यानं मी चौदा वर्सं आल्ये.” मालक आणि त्या ऊसतोडीला यायच्या, कराडकडच्या फडांवर. दिवाळी झाली की ट्रक यायचा. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, वर बायका. रात्री निघायचं, पहाटे फडावर उतरायचं. परत जातानाही रात्रच. “चौदा वर्सं आल्ये न गेल्ये, पर रस्ता कदी दिसलाच न्हाई गं. पोरं पडतील म्हनून दोन्ही हातांनी धरून बसायचं.” मग त्या बोलल्या नाहीत. कराड येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. एखादं वडाचं झाड, एखादा पूल आला की बोट दाखवायच्या, पण कुणाला दाखवतायत ते कळत नव्हतं.

कराडला उतरून भाकरी खाल्ली. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन मिळतात, प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथंच. रिक्षा करून बघून आलो.

आता एक अडचणीचं बोलते, पुरुष मंडळी ऐकत असतील तर ऐकू दे. प्रवासात आपण बायका पाणी पीत नाही. का पीत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. वाटेत एका स्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप होतं. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, जाऊ दे, कळ काढू. मी म्हटलं, कळ काढायची नाही. आम्ही सोळाजणी कंट्रोलरच्या खिडकीपुढं जाऊन उभ्या राहिलो. काही भांडलो नाही, नुसत्या उभ्या राहिलो. किल्ली पाच मिनिटांत आली. एकटी असते तर मीही कळच काढली असती.

चिपळूणची गाडी पाटणमार्गे निघाली. डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या. कोयनानगरला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरनं धरणाची बाजू दाखवली. भला माणूस होता, माहिती सांगायची हौस होती. १०५ टीएमसीचं धरण. ११ डिसेंबर १९६७ ला इथं मोठा भूकंप झाला होता, त्या वेळच्या गोष्टी त्यानं आजोबांकडून ऐकलेल्या. मग म्हणाला, यातलं बरंच पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला सोडतात, त्यावर वीज होते, आणि ते पाणी पुढं वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. आमच्या बायका टँकरच्या रांगेत वाढलेल्या. एकजण पटकन म्हणाली, “आन आमच्याकडं?” त्यानं सांगितलं, पायथ्यातून सुटतं ते कोयनेतून कराडला कृष्णेत येतं. म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतलंच. म्हणजे आमच्या तालुक्यात कालव्याला कधी पाणी आलं तर त्यात थोडं हेही असणार. कालवा आम्ही रोज बघतो, पण हे पाणी कुठल्या डोंगरावरनं येतं ते त्या दिवशी कळलं. विजेसाठी तिकडं गेलेल्या पाण्याचा हिशेब मात्र आमच्या बायकांना पटला नाही. चिपळूणला वाशिष्ठीचा पूल आला तेव्हा आजी खिडकीतून म्हणाल्या, “ही बघा आपली चोरलेली घागर.”

त्याआधी कुंभार्ली घाट. वळणावर वळण, एका अंगाला दरी. इतकी झाडी आमच्या अख्ख्या तालुक्यात नसेल. पण घाटाचं कौतुक पाचजणींनीच केलं, बाकीच्या पिशवीत तोंड घालून बसल्या होत्या. लांबच्या प्रवासाला निघाल तर लवंग, लिंबू आणि पिशव्या जवळ ठेवा, आणि घाटाआधी पोटभर खाऊ नका. आम्ही कराडला दाबून भाकरी खाल्ली, ती चूक झाली. एक वहिनी तर उतरल्यावर म्हणाल्या, मला जन्मात परत विचारू नका.

याच वेळात घरचे फोनही सुरू झाले. चहापूड कुठं आहे, शेळीला काय घालू, पोराचा गणवेश सापडत नाही. एकीनं सांगितलं, “चहापूड चहाच्या डब्यात आहे,” आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. अख्खी गाडी हसली.

गुहागरला पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. राहण्याची सोय तिथल्या बचतगटातल्या एका ताईंच्या घरी होती, सरसच्या प्रदर्शनात आमचे स्टॉल शेजारी होते तेव्हापासूनची ओळख. पण घरी कोण जातंय? पिशव्यांसकट सगळ्या किनाऱ्यावर. सुरूच्या झाडांतून पुढं झालो आणि समोर तो. मला वाटलं होतं बायका आरडाओरडा करतील, पण सगळ्या गप्प. एक हळूच म्हणाली, “पलीकडचा काठ कुठाय?” मग चपला निघाल्या, लुगडी गुडघ्यावर आली, आणि शहात्तर वर्षांच्या आजी सगळ्यांत पुढं.

काकी पाण्यात गेल्या नाहीत. वाळूवर बसल्या. मी शेजारी जाऊन बसले, माफी मागायची होती, शब्द सापडेनात. त्याच बोलल्या. “फडावर असायचो तवा मालक सांजच्याला इकडं तोंड करून बिडी वडायचे. म्हनायचे, कराडच्या पुढं काय असंल गं? मी म्हनायची, डोंगर असंल.” थोडा वेळ गेला. “डोंगर व्हताच की. पर त्याच्या पुढं ह्ये व्हतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं.

दुसरा दिवस असाच गेला, फिरण्यात. ताईंच्या घरचं सोलकढी-भाताचं जेवण झालं, आमच्या बाजरीच्या भाकरी त्यांनी आवडीनं खाल्ल्या, निघताना कोकमं बांधून दिली. तिसऱ्या दिवशी परत. हिशेब केला तर माणशी एकशेचाळीस रुपये उरले, ते ज्याचे त्याला वाटले.

सगळं गोड झालं असं नाही सांगणार. एकीचा नवरा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. ती म्हणाली, “त्येवडीच शांतता.” पण हसताना तिचे डोळे हसत नव्हते, ते मला दिसलं. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले, अजून जाते. काकींबद्दलही गाव बोललंच. मग एक दिवस त्यांची नात शाळेतून आली आणि म्हणाली, बाईंनी समुद्रावर निबंध दिलाय, वर्गात समुद्र बघितलेलं कुणी नाही, आज्जी, तू सांग. त्या संध्याकाळी काकींच्या अंगणात अकरा पोरं बसली होती.

आता रस्त्याचं दुसरं टोक राहिलंय. विजापूर आम्हाला जवळ. गोलघुमटात हळू बोललेलं पलीकडं ऐकू येतं, ते बघायचंय. अर्धं तिकीट आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं, पुढं पूर्ण पैसे. कर्नाटकात बायकांना फुकट आहे खरं, पण ते तिथल्या रहिवाशांना. आमच्यातली एक वहिनी घरी कानडीच बोलते, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, तिकडं पुढारी मी. डबा परत सुरू झालाय. या महिन्याचे पहिले दीडशे काकींचे आले, आणि त्यांच्यामागून, घाटात जन्मात परत विचारू नका म्हणालेल्या त्या वहिनींचे. विजापूरच्या वाटेला घाट नाही, हे त्यांनी आधी दोनदा विचारून घेतलं.