बंदूक वाकडी नव्हती

या कार्यक्रमात आपण नेहमी पापड, मसाले, शिवणकाम यांवर बोलतो. आज आम्ही बोलणार आहोत बंदुकीवर. दचकू नका! जत्रेत फुगे फोडायची छर्‍यांची बंदूक असते ना, तिच्यावर.

आमच्या गटातल्या एका मावशींची फुग्यांची गाडी आहे. आधी त्यांचे यजमान ती चालवायचे. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा मावशींनी गाडी हातात घेतली. गटातून कर्ज काढून फळी नवी केली, फुगे आणले, तीन जुन्या बंदुका पुसून ठेवल्या आणि नवरात्रात विरारला जीवदानीच्या पायथ्याशी गाडी लावली. तिसर्‍याच दिवशी काही मुलांनी भांडण काढलं. "दहा छर्रे मारले, एक फुगा फुटला. बंदुका मुद्दाम वाकड्या ठेवल्यात!" माणसं जमली. मावशींना पैसे परत द्यावे लागले. बैठकीत त्या म्हणाल्या, "चोर म्हणवून घ्यायला नाही मी उन्हात उभी राहत. बंदुका भंगारात घाला. कर्ज मी धुणीभांडी करून फेडीन."

निर्मळची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. म्हणजे दसर्‍यानंतर दीड महिना हातात होता. आम्ही म्हटलं, भंगारात घालायच्या आधी निदान बघू तरी, बिघाड कुठे आहे.

एका सदस्येच्या वाडीत, मागे पक्की भिंत आणि पलीकडे कुणाचा वावर नाही अशी जागा पाहिली. भिंतीपुढे फळी, फळीवर गोणपाटाच्या दोन घड्या आणि त्यावर वहीचा कागद. मध्ये रुपयाएवढा ठिपका. पाच मीटरवरून एकाच बाईने प्रत्येक बंदुकीतून पाच-पाच छर्रे मारायचे आणि वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. आमटी बिघडली म्हणून मीठ, चिंच, गूळ सगळंच एकदम घातलं तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट उमगली. पाचही छर्रे ठिपक्याच्या डावीकडे, पण एकाच जागी लागले, तर ती बंदूक चांगली. तिची मागची खाच थोडी सरकवली की झालं. पण एक वर, एक खाली, एक कागदाबाहेर असं झालं, तर खाच कितीही सरकवा, उपयोग नाही. कुठेतरी काहीतरी ढिलं आहे. म्हणून खाचेला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आणि आपल्याला हवं तिकडे खाच सरकवायची. छर्रा उजवीकडे न्यायचा तर खाच उजवीकडे.

ही बंदूक चालते कशी? नळी मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग आवळली जाते. घोडा ओढला की स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, सायकलच्या पंपासारखी हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पण छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच त्या धक्क्याने बंदूक हलते. प्रत्येक वेळी ती सारखीच हलली, तर छर्रा एकाच जागी जातो. सगळी गोम इथे आहे.

पहिल्या बंदुकीचे स्क्रू ढिले होते. रोजच्या धक्क्यांनी लाकडी दस्त्याचे स्क्रू सैल होतातच. पुढचे दोन आणि घोड्याजवळचा एक आम्ही घट्ट केला. फार आवळायचं नाही, लाकूड चिरतं. मग स्क्रूवरून लाकडापर्यंत नेलपेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला. नळीच्या सांध्याचा बोल्टही पाहिला. नळी धरून डावी-उजवीकडे हलवली, तर खुटखुट व्हायला नको.

दुसरी बंदूक फुसफुसत होती. नळी जिथे मिटते तिथे एक वॉशर असतो. तो झिजला की हवा तिथूनच निसटते. तपासायला सोपी युक्ती आहे. त्या सांध्यावर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवायची आणि छर्रा भरून फळीवर मारायचा. पट्टी फडफडली तर हवा गळते आहे. आमची पट्टी उडून खाली पडली! चप्पल शिवणार्‍या दादांकडून मापाचा चामडी वॉशर कापून घेतला.

याच बंदुकीत आमची एक चूकही झाली. आपल्या वसईची खारी हवा, लोखंडाला लगेच गंज धरतो, म्हणून एकीने शिलाई मशीनचं तेल आत सोडलं. पुढच्या छर्‍याला मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि छर्रा फळीच्या वरच्या कडेला लागला. आत दबलेली हवा इतकी तापते की तेलच पेटतं. तेव्हा तेल फक्त बाहेरच्या लोखंडावर, फडक्याने. नळी आतून साफ करायची तर मासेमारीच्या तंगुसाला मऊ कापडाची चिंधी बांधून छर्रा भरतो त्या बाजूने तोंडाकडे ओढायची. आणि बंदूक तोंडावर उभी करून ठेवायची नाही. तोंडाच्या कडेला खाच पडली की छर्रा भरकटतो.

तिसर्‍या बंदुकीत काहीच सापडेना. स्क्रू घट्ट, वॉशर चांगला, तरी छर्रे सैरावैरा. वही उघडून बसलो, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "छर्रे तर आपण खालून वेचलेलेच भरतो." तिथेच सापडलं. छर्रा डमरूसारखा असतो, मागचा भाग पोकळ आणि पातळ. एकदा फळीवर आपटला की तो चेपतो आणि मग नळीत नीट बसत नाही. नव्या डबीतलेही काही चेपलेले निघतात, ते निवडून काढायचे. जुने छर्रे भंगारात. नवे छर्रे भरले आणि निम्मा फरक पडला.

उरलेला निम्मा फरक गाडीच्या लोखंडी दांड्यात होता. लोक बंदूक त्या दांड्यावर टेकवतात, घट्ट दाबतात. कडक टेकूवर बंदूक उसळी मारते, आणि प्रत्येक जण वेगळ्या जागी टेकवतो. आम्ही दांड्यावर जुनी गोधडी गुंडाळली आणि गिर्‍हाइकाला सांगायला लागलो, "खालचा हात पसरून त्यावर बंदूक नुसती ठेवा, आवळू नका."

सगळं जमल्यावर बैठकीत एकीने विचारलं, "नेम लागला तर फुगे जास्त फुटतील. मावशींचा तोटा नाही का?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "फुग्याचे पैसे मी मोजीन. शिव्यांचे कसे मोजू?" विषय तिथेच संपला.

आता काळजीच्या गोष्टी. नळी मोडलेली असताना घोड्याला बोट लावायचं नाही आणि छर्रा भरताना नळी दुसर्‍या हाताने धरून ठेवायची. ती अचानक मिटली तर बोट जातं, नळीही वर वाकते. छर्रा शिशाचा असतो. तो तोंडात धरायची सवय फार वाईट आहे. मुलांना धरू देऊ नका आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. छर्रा उलटून डोळ्याला लागू शकतो, म्हणून चष्मा हवा आणि फळीवर गोणपाट हवंच. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोराच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, पण म्हणून ती खेळणं होत नाही. पाखरांवर तर ती कधीच धरायची नाही. बहुतेक पाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये 10 मीटर एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 गुण मिळवले. त्यांची बंदूक वेगळी, सराव वेगळा. पण चाळीस वेळा तेच, तसंच करायचं, हे मर्म आमच्या गोधडीवरही लागू पडलं.

निर्मळच्या जत्रेत, सुकेळ्यांच्या दुकानांच्या ओळीपुढे मावशींची गाडी लागली. पाच छर्‍यांची भोकं जवळजवळ पडलेला कागद त्यांनी फळीला टाचून ठेवला होता. एका तरुणाचे चार छर्रे चुकले आणि तो म्हणाला, "बंदूक वाकडी आहे." मावशींनी त्याच्या हातातून तीच बंदूक घेतली, पदर खोचला, हात पसरून त्यावर ती ठेवली आणि त्याने दाखवलेला लाल फुगा फोडला. मग बंदूक परत देऊन म्हणाल्या, "आवळू नकोस, बाळा. हा एक छर्रा माझ्याकडून."

कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि वेळेवर येतात. भंगाराचा विषय पुन्हा निघालेला नाही.