हक्क शिकून पोट भरतं का?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या महिन्यात आपल्यातलीच एक मुलगी घरी आली. बी.ए. झालेली. म्हणाली, "काका, मला एम.ए.ला मानवी हक्क हा विषय घ्यायचाय. बाबा म्हणतात, हक्क शिकून पोट भरतं का?" तिचे बाबा समोरच बसले आहेत, म्हणून मी त्यांच्याशीच बोलतो.

मानवी हक्क म्हणजे वकिलांचा विषय, असा आपला समज. वकील कलम वाचतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी विचारतो, हे कलम कोणाच्या रेट्यामुळे आले आणि कोण अडवून धरतो? आणि ज्याला हक्क आहे तोच तो मागायला का जात नाही, हे समाजशास्त्र शोधते.

आपलेच उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे. त्याआधी १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो, संसदेपुढे ठेवला जातो. शिफारशी मात्र बंधनकारक नाहीत.

आता सांगा, आपल्यापैकी किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत? हात वर करू नका, माझीही नाहीत. कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये पहिली ते चौथीपर्यंत मातृभाषेची किंवा कन्नडची सक्ती केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे, आणि माध्यमाची सक्ती सरकारला करता येत नाही. हक्क जिंकला, आणि लोकांनी इंग्रजी निवडली. सरकारने शाळा बंद केली की आपण मुले काढून घेतली, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. गल्लीगल्लीत फिरून, जुने हजेरीपट पाहूनच ते मिळेल.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. एकोणिसाव्या शतकात याच धारवाडात कन्नड मुले मराठीतून शिकत होती. कचेरीत, शाळाखात्यात आपली भाषा चालायची. डेप्युटी चन्नबसप्पा कन्नड शाळांसाठी झटले. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांनी कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला. आडनाव पाहा, देशपांडे! तेव्हा तक्रार त्यांची होती, आज आपली आहे. हे आपण घरात सहसा सांगत नाही. या विषयाचा विद्यार्थी मात्र दोन्ही तक्रारी एकाच वहीत लिहितो, आणि मला वाटते, आपली बाजू मांडायलाही असाच माणूस उपयोगी पडेल.

आता पोटाचे. हमखास नोकरी नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. नेट देऊन प्राध्यापकी, संशोधन, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, पुढे कायदा, एवढ्या वाटा आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ पासून आहे. विद्यार्थ्यांना तिथे उन्हाळ्यात व हिवाळ्यात प्रशिक्षण मिळते. आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, जे पुण्याच्या मुलाजवळ नाही: घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यात कन्नड नीट लिहायला आणि मोडी वाचायला शिकली, तर इनाम-वतनाची जुनी कागदपत्रे आणि आजची तहसील कचेरी, दोन्ही तिला मोकळी होतील.

प्रबंधासाठी मी तिला एक विषय सुचवला आहे: तुमच्या पेठेतला मराठी वर्ग कोणत्या वर्षी बंद झाला, आणि त्या वर्षी पटावर किती मुले होती. ज्यांच्याकडे जुने दाखले, प्रगतिपुस्तके असतील त्यांनी ती चहाच्या वेळी तिला दाखवावीत. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.