दूरची शिकवण
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

२०२० सालच्या टाळेबंदीत मी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर भरून घेतल्या. मागे पंख्याची घरघर आली. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामी, ऑडॅसिटी नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. मीच करून देतो." त्याने तिकडूनच आमचा संगणक चालवला. पडद्यावर बाण भराभर फिरला, काम झाले. मला काही उमगले नाही. दुसरीने लाटलेली पोळी पाहून आपला हात का वळतो?

मग आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठी धडे मिळाले. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. थोडे ऐकायचे, थांबवायचे, स्वतः करायचे. नुसत्या पंख्याचा तुकडा आधी निवडून यंत्राला ओळखायला द्यायचा, मग सारे निवडून तेवढी घरघर उणी करायची. आधी खडा ओळखावा, मग तांदूळ निवडावे, तसेच हे. फार उणे केले तर मात्र गळाही पोकळ लागतो.

पुढे माहेरी धाकट्या भावजयीला मी फोनवरून शिकवू लागले. तिच्याकडे माझ्या आईच्या ओव्या होत्या. "हे दाब, ते दाब," अशी मी घाई केली. तिने नको तो भाग कापला आणि मूळच्याच नावाने साठवून सॉफ्टवेअर बंद केले. दोन ओव्या गेल्या. आई तेव्हा हयात नव्हती. भावजय रडली, पण चूक माझी होती. मुळाची प्रत आधी बाजूला ठेव, हे मी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून माझी रीत बदलली. आधी प्रत काढायला लावते. मग विचारते, "अगं, तुझ्या पडद्यावर काय दिसते?" तिचे उत्तर येईपर्यंत गप्प बसते. एका वेळी एकच गोष्ट, आणि बटण तिनेच दाबायचे. चुकली तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबून मागे यायचे. अशा रीतीने उरलेल्या ओव्या भावजयीने स्वतःच्या हाताने स्वच्छ केल्या.

भगिनींनो, आपल्याही घरांत असे गळे आहेत. ते वेळीच भरून ठेवा. शिकायचे असेल त्यांनी मला फोन करावा. मी घाई करणार नाही.

एवढे बोलून माझे चार शब्द पुरे करते.