अर्थनिश्चय आणि पुनर्रचना : जीडीबीतील एडा भाषेचे उदाहरण

१८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत अध्यापक होते आणि १८४४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेच्या कार्यात दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. म्हणून वाक्यातील पदाचे कार्य कशावरून ठरते, हा व्याकरणाचा जुना प्रश्न याच शहरात संगणकाच्या संदर्भात मांडणे उचित ठरते.

चालू प्रोग्राम मधेच थांबवून त्यातील किमती तपासू देणारे साधन म्हणजे डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा मुक्त स्रोत डीबगर आज अनेक प्रोग्रामिंग भाषा जाणतो. वापरणारा त्याला एखादे एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत काढता येईल अशी पदरचना, देतो. ती त्या त्या भाषेच्या नियमांनी वाचणे आणि तिच्यातील प्रत्येक नाव नेमक्या कोणत्या वस्तूचे आहे हे ठरवणे, ही डीबगरची दोन कामे; यांतील दुसऱ्या कामाला अर्थनिश्चय म्हणता येईल.

एडा भाषेत हे काम विशेष कठीण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी जाँ इक्बिया यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या आणि १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या या भाषेत नावापुढे कंस आला, तर ते फंक्शनचे आवाहन असू शकते, अ‍ॅरेतील एक घटक असू शकतो किंवा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात केलेले रूपांतर असू शकते. तिन्हींचे लेखन सारखेच. शिवाय एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, ती केवळ परत येणाऱ्या किमतीच्या प्रकारानेही वेगळी ठरतात आणि आर्ग्युमेंट न घेणारे फंक्शन कंसाशिवायच लिहिले जाते. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधुदेशीचा घोडाही; ‘सैंधव आण’ या आज्ञेचा अर्थ जेवणाच्या वेळी एक आणि प्रवासाला निघताना दुसरा, असे शास्त्रकार प्रकरणाचे, म्हणजे प्रसंगाचे, महत्त्व सांगताना दाखवतात. एडातही नावाचा अर्थ आतील आर्ग्युमेंटांवरून आणि बाहेरून अपेक्षित असलेल्या प्रकारावरून, असा दोन्ही बाजूंनी ठरतो.

जीडीबी त्यासाठी त्या नावाची सर्व फंक्शने गोळा करतो, आर्ग्युमेंटे जुळणारी आणि अपेक्षित प्रकाराची किंमत देणारी तेवढी निवडतो, आणि एकही न उरल्यास अपेक्षित प्रकाराची अट सोडून पुन्हा पाहतो. तरीही अनेक पर्याय राहिले, तर तो अंदाज न बांधता क्रमांकित यादी दाखवून वापरणाऱ्यालाच विचारतो. दोष शोधणाऱ्या माणसाला चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने देण्यापेक्षा प्रश्न विचारणे हिताचे असते, कारण त्या उत्तरावरच त्याचा पुढचा सारा तर्क उभा राहतो.

ही पद्धत योग्य असली, तरी तिची जुनी मांडणी अवघड होती. एक्स्प्रेशनचे सर्व घटक एका सपाट अ‍ॅरेत ओळीने ठेवलेले असत आणि प्रत्येक क्रिया वेगवेगळ्या संख्येने घरे व्यापत असे. त्यामुळे पुढची क्रिया कोठे सुरू होते हे कळण्यासाठी लांबी मोजणारे स्वतंत्र कोड लागे, आणि साधे दिसणारे नाव वस्तुतः फंक्शनचे आवाहन आहे असे ठरले की ती ओळ नव्याने जुळवावी लागे. शिवाय सर्व प्रकारच्या क्रियांचे निर्णय एकाच लांबलचक फंक्शनमध्ये साठलेले होते.

जीडीबीचा कोड सी भाषेतून सी प्लस प्लसकडे वळल्यानंतर, मार्च २०२१ मध्ये टॉम ट्रोमी यांनी ही मांडणी मुळापासून बदलली आणि सप्टेंबर २०२१ च्या जीडीबी ११ या आवृत्तीत ती लोकांपर्यंत पोहोचली. आता एक्स्प्रेशन वृक्षाच्या रूपात असते, प्रत्येक क्रिया ही स्वतंत्र वस्तू असते आणि आपली किंमत काढण्याची रीत स्वतःजवळ बाळगते. अर्थनिश्चयाची जबाबदारी ज्यांना तिची खरोखर गरज आहे अशा क्रियांवरच, उदाहरणार्थ चलाचे नाव किंवा फंक्शनचे आवाहन यांवर, सोपवलेली आहे. एखादे नाव फंक्शनचे आवाहन आहे असे ठरले, तर वृक्षातील तेवढी एक वस्तू बदलते आणि बाकीचा वृक्ष जसाच्या तसा राहतो.

बाह्य वर्तन कायम ठेवून कोडची अंतर्गत रचना सुधारण्याच्या या कामाला रिफॅक्टरिंग, म्हणजे पुनर्रचना, म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधाने त्याला शास्त्रीय पाया दिला आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ते सर्वदूर पोहोचवले. वर्तन कायम राहिले हे पडताळण्यासाठी चाचण्या लागतात. जीडीबीत एडासाठी चाचण्यांचा स्वतंत्र संच आहे आणि बदलही लहान लहान टप्प्यांत केले जातात, म्हणजे बिघाड झाल्यास नेमका टप्पा सापडतो.

वापरणाऱ्याला असा बदल दिसत नाही, म्हणून तो गौण ठरत नाही. हा सारा कोड सर्वांना वाचण्यास खुला असल्यामुळे सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यालाही, एखाद्या नावाचा हाच अर्थ का निवडला गेला, याचे उत्तर तेथे शोधता येते. खुलेपणाचा लाभ मात्र रचना सुबोध असेल तेव्हाच पदरात पडतो. आणि निर्णय कोठे व कोणत्या आधारावर घेतला जातो हे नवख्या वाचकालाही कोडवर बोट ठेवून दाखवता येणे, हीच पुनर्रचनेच्या यशाची खरी कसोटी होय.