सही आणि वाचन

तुमसरहून निघालेला रस्ता बपेऱ्यास पोंचतो, तेथून मध्यप्रदेशाची सीमा अगदीं जवळ आहे. हा सारा धानाचा मुलूख. या भागांतील गांवोगांवच्या स्त्री-सरपंचांच्या एका प्रशिक्षणवर्गांत तीन दिवस बसण्याचा योग मला आला. पुढारीपण शिकवून येतें काय, ही शंका मनांत बाळगूनच मी गेलों होतों.

ही शंका नवी नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत समुदाय-विकासाची योजना सुरू झाली. पांच वर्षांनीं, १९५७ सालीं, बलवंतराय मेहता समितीनें तिची पाहणी केली, तेव्हां लोकांचा पुढाकार तींत पुरेसा दिसला नाहीं; कारभार लोकनियुक्त मंडळांच्या हातीं द्यावा, असें समितीनें सुचविलें. पुढें त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली व पंचायतींत स्त्रियांसाठीं निदान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. खुर्ची कायद्यानें दिली; तीवर बसून काय करावयाचें, हें शिकविणें कायद्याच्या हातचें नाहीं. त्यासाठीं हे वर्ग.

पहिल्या दिवशीं शिक्षकांनीं विचारलें, “ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सही कोणाची?”

“सरपंचाची आणि सचिवाची,” उत्तर आलें.

“आणि सही करण्यापूर्वीं कागद कोण वाचतो?”

वर्ग गप्प झाला. मागच्या रांगेंतील एक बाई उठल्या नि हळूच म्हणाल्या, “गुरुजी, सही माझी; वाचणें आमच्या घरच्यांचें.” कोणी हंसलें नाहीं. पुष्कळजणींची गोष्ट तीच होती.

दुसऱ्या दिवशीं रोकडवही, अंदाजपत्रक नि ठरावाची भाषा झाली. तिसऱ्या दिवशीं नमुन्याची ग्रामसभा भरली. मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० जण, यांतील जी संख्या कमी तेवढे हजर हवेत. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा हवी. हें एव्हांना सर्वांस ठाऊक झालें होतें. ‘सचिव’ झालेल्या शिक्षकांनीं एक कागद सहीसाठीं पुढें केला. त्याच बाईंनीं तो परत सारला. “अगोदर सभेंत मोठ्यानें वाचा.” आवाज कांपत होता, पण वाक्य पुरें झालें.

येथेंच ही हकीकत संपवितां आली असती. परंतु निघतांना त्या म्हणाल्या, “इथें सगळ्याजणी माझ्या बाजूच्या होत्या. गांवांत मी असें म्हटलें, तर ‘होय, वाचा’ म्हणणारें दुसरें कोण?” शिक्षकांपाशीं या प्रश्नास उत्तर नव्हतें, मजपाशींहि नव्हतें. आज वाटतें, अशा वर्गास सरपंचबाईंस एकट्यांनाच न बोलावितां त्यांच्या पंचायतींतील आणखी दोघी-तिघींस बरोबर बोलवावें. पहिला प्रश्न विचारणारीस धैर्य लागतें, हें खरें; पण तो प्रश्न टिकतो दुसऱ्या आवाजाच्या आधारावर.

श्रोते हो, ही केवळ खेड्यांतली गोष्ट समजूं नका. शहरांतील आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेंत हिशेब न वाचतांच मंजूर होत नाहींत काय? पुढच्या सभेंत कोणी “वाचून दाखवा” म्हणालें, तर आपण घड्याळाकडे पाहूं नये. “होय, वाचा,” एवढे दोनच शब्द बोलावे.