कोसोव्होचा दाखला आणि कझाकस्तान-सर्बिया मैत्री

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयातले दोन्ही देश आपल्यापासून दूर आहेत. एक मध्य आशियातला कझाकस्तान, दुसरा बाल्कन प्रदेशातला सर्बिया. या दोघांची सीमा एकमेकांना कुठेही भिडत नाही. भाषा वेगळी, धर्म वेगळा. दोघांनाही खुला समुद्र नाही, आणि मोठा म्हणावा असा व्यापारही त्यांच्यात नाही. तरीही १९९६ साली राजनैतिक संबंध जुळल्यापासून ही मैत्री टिकून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कझाकस्तानचे अध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव बेलग्रेडला जाऊन आले. ही मैत्री कशाच्या पायावर उभी आहे, हे पाहण्यासारखे आहे. आमच्या मते तो पाया एका नकाराचा आहे.

१७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोव्होने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. त्यामागे १९९९ चे युद्ध होते, नाटोची अठ्ठ्याहत्तर दिवसांची बॉम्बफेक होती आणि त्यानंतरची संयुक्त राष्ट्रांची देखरेख होती. अमेरिकेने व युरोपातल्या बहुतेक मोठ्या देशांनी नव्या देशाला ताबडतोब मान्यता दिली. तुर्कस्तानने तर दुसऱ्याच दिवशी दिली. कझाकस्तानने मात्र दिली नाही. कझाक लोक बहुसंख्येने मुसलमान, आणि कोसोव्होतले अल्बेनियन लोकही बहुसंख्येने मुसलमान. कझाक भाषा तुर्कीच्याच कुळातली. धर्म आणि वंश यांवरच परराष्ट्रनीती ठरत असती, तर कझाकस्तानने तुर्कस्तानचीच वाट धरली असती. तसे झाले नाही, याचे कारण त्या देशाच्या नकाशात आहे.

रशियाशी कझाकस्तानची सीमा सुमारे ७,६०० किलोमीटर लांब आहे. सोव्हिएत काळात, विशेषतः १९५४ पासून पडीक गवताळ जमीन नांगराखाली आणण्याची जी मोहीम निघाली तिच्यात, लाखो रशियन व युक्रेनियन माणसे उत्तर भागात येऊन स्थायिक झाली. १९८९ च्या जनगणनेत कझाक सुमारे चाळीस टक्के आणि रशियन सुमारे अडतीस टक्के होते. म्हणजे आपल्याच नावाच्या प्रजासत्ताकात कझाकांना निम्मी संख्याही उरली नव्हती. १९९० मध्ये सोल्झेनित्सिन यांच्यासारख्या मोठ्या लेखकानेही उत्तर कझाकस्तान रशियात असावा, असे मत मांडले होते. पुढे १९९७ साली राजधानी दक्षिणेच्या अल्माटीहून उत्तरेला, आजच्या अस्तानाला नेण्यात आली. त्यामागे इतर कारणांबरोबर हीही चिंता होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज रशियनांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांवर आले असले, तरी ती धास्ती पुरती गेलेली नाही.

अशा देशाने कोसोव्होला मान्यता दिली, तर उद्या त्याच्याच उत्तरेकडच्या एखाद्या प्रांताने तोच दाखला दिल्यास त्याने काय उत्तर द्यावे? ही भीती काल्पनिक नव्हती. १८ मार्च २०१४ रोजी क्रिमिया रशियात सामील करून घेताना पुतिन यांनी आपल्या भाषणात कोसोव्होचाच दाखला दिला. गंमत अशी, की सर्बियाचा पाठीराखा म्हणवणारा रशिया स्वतः कोसोव्होला मान्यता देत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कझाकांचे पूर्वी कधी राज्यच नव्हते, अशा अर्थाचे उद्गारही पुतिन यांनी काढले. अस्तानात ते कसे ऐकले गेले असतील, हे सांगायला नको.

१७ जून २०२२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या आर्थिक परिषदेत तोकायेव पुतिन यांच्याबरोबर व्यासपीठावर बसले होते. जानेवारीतल्या दंगलींच्या वेळी त्यांच्याच विनंतीवरून रशियाच्या पुढाकाराने फौजा कझाकस्तानात आल्या होत्या, म्हणजे उपकाराचे ओझे ताजे होते. तरीही त्यांनी सांगितले, की स्वयंनिर्णयाचा हक्क सगळीकडे अमलात आणला तर जगात १९३ ऐवजी पाचशे-सहाशे देश होतील आणि गोंधळ माजेल. म्हणून आम्ही तैवान, कोसोव्हो, दक्षिण ओसेतिया व अबखाझिया यांना मान्यता देत नाही, आणि लुहान्स्क व दोनेत्स्क यांनाही तेच तत्त्व लागू आहे. आमच्या मते हा बेलग्रेडला दिलेल्या शब्दाचा खरा उपयोग. कोसोव्होला चौदा वर्षे सातत्याने 'नाही' म्हटले होते, म्हणूनच त्या दिवशी मॉस्कोलाही 'नाही' म्हणता आले.

अर्थात या तत्त्वनिष्ठेलाही मर्यादा आहे. क्रिमियावरील २०१४ च्या आणि युक्रेनवरील मार्च २०२२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांवर कझाकस्तान तटस्थ राहिला. सर्बियाने २०२२ च्या ठरावाला पाठिंबा दिला, पण रशियावर निर्बंध लादले नाहीत. बलाढ्य शेजारी वा आश्रयदाता असला की तत्त्व बोलायचे, पण आवाज चढवायचा नाही, अशी ही रीत. भारतानेही कोसोव्होला मान्यता दिलेली नाही, आणि २०२२ च्या त्या मतदानात तोही तटस्थ होता.

आता आपल्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. आपल्यातले काही तरुण मित्र कोसोव्होचे नाव आपल्या सीमाप्रश्नाशी जोडतात. आम्हांला ते मुळीच मान्य नाही. तिथे प्रश्न सार्वभौम देश फोडण्याचा आहे. आपला प्रश्न एकाच संघराज्यातल्या राज्यांच्या हद्दीचा आहे आणि त्याला घटनेने मार्ग ठेवला आहे. ही तुलना केली तर आपणच आपले नुकसान करू.

पण एक गोष्ट जरूर घेण्यासारखी आहे. सीमा अबाधित राहाव्यात, हे तत्त्व राज्यकर्त्यांचे रक्षण करते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचे रक्षण ते आपोआप करत नाही. कोसोव्होच्या २००८ च्या घटनेत अल्बेनियन व सर्बियन या दोन्ही भाषा अधिकृत आहेत. सर्ब वस्तीच्या नगरपालिकांचा संघ स्थापण्याचे २०१३ च्या ब्रुसेल्स करारात ठरले. दहा वर्षे लोटली तरी तो उभा राहिला नव्हता. कझाकस्तानच्या १९९५ च्या घटनेने सरकारी कामकाजात रशियन भाषेला कझाकच्या बरोबरीने स्थान दिले, आणि उत्तरेत गेली तीन दशके जी शांतता राहिली तिला या शहाणपणाचाही हातभार लागला, असे आम्हांला वाटते.

जुन्या वस्तीच्या अल्पसंख्य कुटुंबाला शाळेत आपली भाषा मिळते का, कचेरीत अर्ज आपल्या भाषेत स्वीकारला जातो का, कागदावरचे वचन पाळले जाते का, यावरून राज्याची पारख होते. नकाशावरची रेघ कुठे पडावी याबद्दल मतभेद राहतील, न्यायालये आणि संसदा त्यांचे पाहतील. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आपण दरवर्षी मागितली पाहिजेत, आणि तीही लेखी.