दर्या आणि दऱ्या : आपल्या हाताची संगणक-मांडणी

(डिचोली येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



साहित्य शिकवणाऱ्या बाईने संगणकाच्या खिडक्या, कळा आणि माऊस यांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आमंत्रण आले तेव्हा मलाही वाटले होते. पण माझ्या संशोधनातले सर्वांत मोठे नुकसान एका अक्षरामुळे झाले आहे. ती हकीकत आधी सांगते, म्हणजे विषयाचे कारण कळेल.

पीएच.डी.च्या दिवसांत मी पेडणे तालुक्यातल्या वाड्यांवर फिरून फुगडीची गाणी गोळा करीत असे. एका वाड्यावर सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. ती गात असे, मी कॅसेटवर ध्वनिमुद्रण करीत असे आणि घरी येऊन ऐकत ऐकत थेट संगणकावर उतरवीत असे. वहीत लिहून वेळ कशाला घालवायचा, असा तरुणपणाचा शहाणपणा! पुढे आजी गेली. आपल्याकडच्या पावसाळ्याने कॅसेटींवर बुरशी धरली. हाती राहिल्या त्या संगणकातल्या फायली, त्याही एका जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या. तो फाँट नव्या संगणकावर नव्हता, म्हणून सगळी गाणी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन दिसू लागली. एका परिवर्तकातून त्या फायली युनिकोडमध्ये आणल्या. गाणी परत मिळाली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली.

मग लक्षात आले, की त्या परिवर्तकाने मराठीतला ‘ऱ्य’ सगळीकडे ‘र्य’ करून टाकला आहे. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झालेले कळते, दुरुस्त करता येते. पण एका गाण्यात लेक कुठे दिली याचा उल्लेख आहे. ती ‘दर्यापल्याड’ दिली की ‘दऱ्यापल्याड’? पेडण्याच्या एका अंगाला केरी-हरमल-मांद्र्याचा समुद्र, दुसऱ्या अंगाला दोडामार्गाकडे जाणारे डोंगर. अर्थ दोन्ही लागतात. दर्या म्हणावा तर तो एका आईचा हुंदका, दऱ्या म्हणाव्यात तर दुसऱ्या. आजीला विचारता येत नाही, कॅसेट ऐकता येत नाही. माझ्या संग्रहात त्या शब्दापुढे आजही प्रश्नचिन्ह आहे.

आपल्या भाषेत हा भेद शोभेचा नाही. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. लग्नघरात दोघांची अदलाबदल झाली तर काय होईल, ते आपण जाणता.

लिपी आणि साधन यांची ही ओढाताण गोव्याला नवी नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले, ते मात्र रोमी लिपीत. ओव्या मराठी, खिळे परके. देवनागरी खिळ्यांनी छापलेले विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले, तेही दूर बंगालात श्रीरामपूरला. म्हणजे साधनाने जे दिले, त्यात भाषेला स्वतःला बसवून घ्यावे लागले. आज मोबाईलवर रोमी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच रागावत नाही. मात्र त्यांना एक गोष्ट सांगते. स्टीफन्सच्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते, तुझ्या संगणकात ते आहेत. फक्त ते ज्या कपाटात आहेत, ते तू उघडलेले नाहीस.

हे कपाट म्हणजे ‘सेटिंग्ज’. आपण तिथे जायला भितो. काहीतरी बिघडेल, अशी धास्ती असते. प्रयोगशाळेत संगणक जसा मिळाला तसाच तो वर्षानुवर्षे वापरला जातो. घरातले पाट, चूल, उजेडाची खिडकी आपण आपल्या सोयीने हलवतो आणि दिवसाचे सहा तास ज्याच्यापुढे बसतो, त्या मेजाला हात लावीत नाही.

आता उदाहरणादाखल लिनक्सवरील ‘एक्सएफसीई’ हा मेज-संच घेऊ. १९९६ साली सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प आहे. तो हलका असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांतल्या जुन्या संगणकांवरही चालतो. त्यात ‘विंडो मॅनेजर’ नावाचा एक कारभारी असतो. तो स्वतः काही लिहीत नाही, गणित करीत नाही. धालोच्या मांडावर बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी पुढे यायचे हे ठरलेले असते ना? तसेच हा कारभारी पडद्यावरच्या खिडक्यांचे ठरवतो. कोणती पुढे, कोणती मागे, कोणती किती मोठी, तिच्या माथ्यावरची पट्टी कशी दिसावी, कोणत्या कळीने ती मिटावी. गाणे खिडकीतले, मांड त्याचा.

पहिली गोष्ट, रूप. ‘विंडो मॅनेजर’च्या सेटिंग्जमध्ये ‘स्टाइल’ या पानावर माथ्याच्या पट्टीचा फाँट निवडता येतो. इंग्रजीसाठी बेतलेल्या लहान फाँटात आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. रोमी अक्षर एका रेषेवर बसते. आपले अक्षर वर मात्रा घेऊन आणि खाली उकार लोंबवून उभे असते, त्याला उंची जास्त लागते. म्हणून देवनागरीचा चांगला फाँट निवडावा आणि आकार एक-दोन अंकांनी वाढवावा. इतर मजकुराचा फाँट ‘अपिअरन्स’मध्ये बदलतो. तिथेच ‘डीपीआय’चा आकडा आहे. तो ९६ वरून ११०-१२० केला, की सगळीच अक्षरे मोठी होतात. चाळिशी लागलेल्या प्राध्यापकांनी हे आज रात्रीच करावे.

रूपाचाच आणखी एक बारकावा आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे असतात. प्रणालीची भाषा मराठी निवडली, तर काही फाँट आपणहून मराठी वळण दाखवतात. संकेतांक तेच, पण डोळ्यांना आपले अक्षर दिसते. बालवर्गाच्या शिक्षकांना याचे मोल मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, कळपाटी. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’ या पानावर ‘प्रणालीचे ठरलेले वापरा’ ही खूण काढली, की नवी मांडणी जोडता येते. भारताच्या यादीत मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे, उच्चारानुसारी ‘कागपा’ही आहे. मी इन्स्क्रिप्टचा आग्रह धरते, कारण तिची रचना वर्णमालेच्या रचनेवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. साध्या कळीने मात्रा, शिफ्ट धरून तोच स्वर स्वतंत्र. क आणि ख एका कळीवर, ग आणि घ एका कळीवर. जिने पाणिनीय वर्गांची ओळख करून घेतली आहे, तिला ही कळपाटी आठवड्यात पाठ होते. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या ‘इस्की’ मानकात तिला स्थान आहे. कोकणी लिहिणाऱ्या मित्रांनाही हीच कळपाटी चालते, तेव्हा ही शेजाऱ्यांच्या सामायिक विहिरीसारखी आहे.

टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना एक अडचण येते. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उठवायची असे, कारण ती डावीकडे दिसते. इथे ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. दिसते तसे नव्हे, उच्चारतो तसे लिहायचे. बोट नव्हे, जीभ पुढे ठेवा, असे मी वर्गात सांगते.

आणि आपला ‘ऱ’? जे या इंग्रजी कळीवर ‘र’ आहे, शिफ्टसह ‘ऱ’. त्यापुढे डी कळीवरचा हलन्त, मग ‘य’. ‘ऱ्य’ तयार. हेच रूप साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही मिळते. दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत. एका पद्धतीने शोध घेतला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडेलच, असे नाही. म्हणून संशोधन-गटाने पहिल्याच बैठकीत एक पद्धत ठरवावी. युनिकोड ‘ऱ’ वापरण्याची पद्धत पसंत करते, मीही तीच सुचवते.

इथे एक सावधगिरी हवी. मराठीच्या प्रेमापोटी यादीतून इंग्रजी मांडणी काढून टाकू नका. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही या आज्ञा रोमी अक्षरांशी बांधलेल्या असतात. यादीत इंग्रजी मांडणी असली, तर मराठी चालू असतानाही बहुतेक कार्यक्रम त्या आज्ञा ओळखतात. ती नसली, तर नक्कल उतरवणेही अडते.

तिसरी गोष्ट, कळजोड. भाषा बदलण्यासाठी पुष्कळजण ऑल्ट-शिफ्ट ही जोडी ठेवतात. पण ऑल्ट-टॅबने खिडक्या पुढे फिरतात आणि ऑल्ट-शिफ्ट-टॅबने मागे. मग खिडकी मागे नेताना भाषाही बदलते, आणि माणूस म्हणतो, संगणकात भूत आहे. भूत नाही, एकाच जोडीवर दोन मालक आहेत. मी भाषा-बदल कॅप्स लॉकवर ठेवला आहे. देवनागरीत मोठी लिपी-छोटी लिपी नाहीच, तेव्हा ती कळ आपल्याकडे रिकामीच बसलेली असते. मराठी चालू असताना त्याच कळीचा दिवा पेटावा, अशीही सोय आहे. खिडक्यांच्या जोड्या ‘विंडो मॅनेजर’च्या ‘कीबोर्ड’ पानावर बदलतात. ऑल्ट-एफ४ ने खिडकी मिटते, ऑल्ट-एफ१० ने पडदाभर पसरते. लेखनिकाला मी अजून दोन जोड्या बांधायला सांगते, एक खिडकी डाव्या अर्ध्या पडद्यावर लावणारी, दुसरी उजव्या. डावीकडे हस्तलिखिताचे छायाचित्र, उजवीकडे आपला मजकूर. पाठचिकित्सेला याहून सोपे मेज मला ठाऊक नाही.

शेवटी उपकरणे. गेल्या वर्षी एका ज्येष्ठ दशावतारी कलावंतांना आमच्या विद्यार्थ्याने संगणकापुढे बसवले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर सुचतात. आपण आयुष्यभर बोललेली आख्याने त्यांना स्वतःच्या हाताने लिहून ठेवायची होती. पण बोट कळीवरून लवकर उचलत नव्हते आणि एका काना ऐवजी चार उमटत. म्हातारपणी हे जमायचे नाही, म्हणून ते उठले. विद्यार्थ्याने कळीच्या पुनरावृत्तीचा विलंब वाढवला, डबल-क्लिकचा अवधी वाढवला, ते डावखुरे म्हणून माऊसची बटणे उलटी केली आणि टंकताना टचपॅड बंद राहील अशी खूण केली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. “आता बसतंय,” एवढेच ते म्हणाले आणि लिहू लागले.

त्या दहा मिनिटांवर मी पुष्कळ विचार केला. ते परत गेले असते तर आपण म्हणालो असतो, जुन्या पिढीला संगणक जमत नाही. दोष माणसाच्या नावे लिहिला गेला असता. प्रत्यक्षात मेज त्यांच्या मापाचे नव्हते. आपल्या किती विद्यार्थ्यांच्या, किती आयांच्या नावे आपण असा दोष लिहिला असेल?

शिक्षकांना माझी विनंती छोटी आहे. पहिल्या तासाला निबंध सांगू नका. मुलांना सेटिंग्ज उघडायला लावा. मराठी कळपाटी जोडणे, भाषा-बदलाची कळ ठरवणे, फाँट वाढवणे आणि ‘दऱ्या’ हा शब्द बिनचूक टंकणे, इतकेच करवून घ्या. काय बदलले ते वहीत लिहायला सांगा, म्हणजे जुने परत आणता येते आणि भीती जाते. आणि लोकसाहित्य गोळा करणाऱ्यांनो, मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, ध्वनीच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा, आणि गाणारी समोर असतानाच आपण टंकलेले तिला वाचून दाखवा.

मी ते केले नाही. केले असते, तर आजीने मान डोलावून किंवा हसून सांगितले असते, की लेक दर्यापल्याड दिली होती की दऱ्यापल्याड.